मनीप्लांट साठ रुपये, काठी एकशे ऐंशी

नर्सरीचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारीचे दोन शब्द आहेत आणि मालक माणूस चांगला आहे. सांगलीहून मिरजेकडे जाताना हिरव्या जाळीच्या ज्या चार-पाच नर्सऱ्या लागतात त्यातली एक, एवढं पुरे.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत दिवाणजी. एकतीस वर्षं कीर्द-खतावणी लिहितोय, आता अर्धा दिवसच जातो. झाडांतलं मला फार कळतं असं नाही, पण पैसे देऊन घेतलेल्या मालाचं वजन करायची सवय हाताला आहे. म्हणून हे लिहितोय.

झालं असं, की सूनबाईंनी मोबाईलवर कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत एक वेल बघितला. कापऱ्या-कापऱ्या पानांचा, काठीवर चढलेला. नाव ‘मिनी मॉन्स्टेरा’. ऑनलाईन मागवला, सहाशे एकोणपन्नास रुपये. नऊ दिवसांनी खोकं आलं. आत ओल्या कागदात गुंडाळलेलं एक पान आणि त्याचा लांब देठ. बस. सूनबाईंनी ते काचेच्या ग्लासात पाणी घालून खिडकीत ठेवलं आणि रोज सकाळी वाकून बघायच्या. मी दोन दिवस बघितलं आणि विचारलं, “ह्याला डोळा कुठंय?”

आमच्या भागात उसाची लावण ज्यानं एकदा बघितली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. टिपरीला डोळा असेल तर फुटवा येतो, नसेल तर ती नुसती चिपाडं. ह्या वेलींचंही तेच आहे. पान जिथून निघतं ते खोडावरचं पेर, तिथंच डोळा असतो, तिथूनच मूळ फुटतं आणि तिथूनच नवा कोंब. पेरासकट दोन बोटं खोड आलं तर पुढं वेल होणार. नुसतं पान म्हणजे फुलदाणीतलं पान. ते महिनाभर हिरवं राहिलं, मग देठाकडून पिवळं पडलं. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर ‘झाड जिवंत पोचलं होतं’ असं उत्तर आलं. सहाशे एकोणपन्नास बुडीत खाती.

मग एका रविवारी मीच म्हटलं, चला, डोळ्यानं बघून घेऊ.

नर्सरीत शिरलं की आधी गुलाब आणि जास्वंद उन्हात, मग जाळीखाली ही सावलीतली मंडळी. फरशी ओली, पायाखाली कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या भुशाचा, चुरा. मालक चाळिशीतला, हातात छाटणीची कात्री, कानावर बॉलपेन. बहुतेक माल उरुळी कांचनवरून येतो, काही आंध्रातल्या कडियमवरून ट्रकनं, असं त्यानं न विचारता सांगितलं. हे मला आवडलं. मालाचा गाव सांगणारा दुकानदार निम्मा तरी खरा असतो.

‘मिनी मॉन्स्टेरा’ होता. सहा इंची काळ्या पिशवीत, चार पानं, साडेचारशे रुपये. पाटीवर इंग्रजीत तेच नाव. मी खोड धरून पेरं मोजली. तीन होती, एकाला टाचणीएवढं मूळ सुटलेलं. माल जिवंत होता. शेजारी मनीप्लांटच्या कुंड्या, साठ रुपये. आणि कोपऱ्यात काथ्या गुंडाळलेल्या काठ्या उभ्या, तीन फुटी एकशे ऐंशी.

ह्या वेळी भाचा बरोबर होता. तो कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवतो. तो पाटी वाचून हसला. म्हणाला, “मामा, हे मॉन्स्टेरा नव्हेच.” मी मालकाकडं बघितलं. मालकानं कानावरचं पेन काढून परत ठेवलं. “काका, गिऱ्हाईक त्याच नावानं मागतं. गाडीतून माल उतरतो तोच ह्या पाटीसकट.”

म्हणजे राजापुरी सांगून सेलम द्यायची, तसंच की. सेलम वाईट हळद नाही, पण राजापुरीच्या भावानं का घ्यायची?

भाच्यानं सांगितलं ते असं. ह्या झाडाचं खरं नाव रॅफिडोफोरा टेट्रास्पर्मा. मूळचं दक्षिण थायलंड आणि मलेशियाचं. मॉन्स्टेरा अमेरिकेचा. मोठ्या पानांचा, बंगल्यांच्या पोर्चमध्ये दिसतो तो मॉन्स्टेरा डेलिसिओसा तर दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतचा. दोघांमध्ये अख्खा महासागर. घराणं एक, अळवाचं. पान दोघांचं फाटतं म्हणून बाजारानं सोयरीक जुळवून टाकली. रॅफिडोफोराच्या शंभरेक जाती आहेत, आफ्रिकेपासून भारत, मलेशिया, ऑस्ट्रेलिया ते पार पॅसिफिकच्या बेटांपर्यंत. त्यातली एक आपल्या सह्याद्रीतसुद्धा आहे, झाडाच्या खोडाला चिकटून वर जाते, तिला गणेशकांदा म्हणतात. म्हणजे सूनबाई सातासमुद्रापलीकडचं म्हणून जे साडेचारशेला घ्यायला निघाल्या त्याचं चुलत भावंड घाटात फुकट वाढतंय. (तिकडून उपटून आणू नका. भाच्यानं मला तिथंच बजावलंय, मी तुम्हाला बजावतो.)

मालकानं ऐकून घेतलं, वाद घातला नाही. “मग काका चारशे द्या,” म्हणाला. पन्नास रुपये नावाच्या चुकीचे वजा. असला व्यवहार मी यार्डातसुद्धा फार बघितलेला नाही.

मी मात्र माझ्यासाठी मनीप्लांट घेतला. सौभाग्यवतींना ते पटलं नाही. मनीप्लांट विकत घेतला तर लाभत नाही, कुणाच्या तरी दारातला चोरून आणायचा असतो, असं आमच्या घरात सगळ्या बायकांचं एकमत आहे. मी विचारलं, चोरीच्या मालाची नोंद कुठल्या खात्यावर करायची? त्यावर उत्तर मिळालं नाही, पण दोन दिवस चहात साखर कमी होती.

मनीप्लांटच का, ह्याला कारण आहे. 2019 च्या महापुरावेळी आम्ही सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर राहत होतो. न्हाणीच्या खिडकीत हॉर्लिक्सच्या बाटलीत मनीप्लांट होता. सगळ्यांकडे असतो तसाच, चार बोटांची पानं, खाली लोंबणारा. त्यातली एक फांदी कुणीतरी मागच्या परसात नारळाच्या बुडाशी खोचली असावी. ऑगस्टात पाणी आलं, घरात माळ्याला लागलं. आम्ही बहिणीकडे मिरजेला. आठवड्यानं परत आलो तेव्हा चिखल, कुजलेला वास, वह्यांचा लगदा. परसात गेलो तर नारळ उभा, आणि त्याच्या खोडावर वीस फुटांवर सुपाएवढी पानं. पिवळे पट्टे, कडेनं चिरलेली. मला वाटलं पुरात कुठून तरी वाहत आलेला वेल अडकलाय. नजरेनं माग काढत खाली आलो. खोड मनगटाएवढं नाही, पण अंगठ्यापेक्षा जाड, काळपट, खोडातून निघालेली मुळं नारळाच्या सालीत रुतलेली. खाली येता येता पानं लहान होत गेली, आणि बुडाशी, गाळात बुडालेली, तीच चार बोटांची. हॉर्लिक्सच्या बाटलीतली.

त्या दिवशी घरातलं काही शाबूत नव्हतं आणि मी चिखलात उभा राहून पानं मोजत होतो. 2021 ला परत पाणी आलं, तेव्हा आम्ही घर सोडलं आणि विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर आलो. नारळ तिथंच राहिला.

तर सांगायचं हे, की हा वेल लोंबकळत ठेवला तर जन्मभर पोरच राहतो. चढायला खोड दिलं की वयात येतो. जंगलात ह्याचं पान हातभर नाही, चांगलं मीटरभर होतं. भाचा म्हणतो ह्याला मुळात फूलच येत नाही म्हटलं तरी चालेल. लावलेल्या झाडाला आपसूक फूल आल्याची शेवटची नोंद 1964 ची. 2016 मध्ये संशोधकांनी कारण शोधलं, फुलायला लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक ह्याच्यात तयारच होत नाही. ते बाहेरून फवारलं तेव्हा फूल आलं. आणि फूल नाही म्हणून जात ठरेना. 1880 मध्ये पोथोस म्हणून नोंद झाली, मग सिंडॅप्सस, मग काही काळ रॅफिडोफोरा, शेवटी एपिप्रेम्नम. एकाच पार्टीचं खातं चार वह्यांत. इंग्रजीत लोक अजून पोथोस म्हणतात, आपण मनीप्लांट. मूळ गाव ताहितीशेजारचं मोरेआ बेट, आणि नांदतोय सांगलीत हरभट रोडच्या प्रत्येक दुकानाच्या गल्ल्यावर.

आता काठीबद्दल. खरं परीक्षण हिचंच करायचं आहे.

नर्सरीत हिला ‘मॉस स्टिक’ म्हणतात. मॉस म्हणजे शेवाळ. काठीत शेवाळाचा धागा नाही. सव्वा इंची पीव्हीसी पाईप, त्यावर नारळाचा काथ्या, वर नायलॉनची दोरी आवळलेली. दिसायला झोकदार. मी मनीप्लांट मोठ्या कुंडीत घेतला, काठी मधोमध रोवली, वेल सुतळीनं सैल बांधला, पेरं काठीकडं तोंड करून. रोज काठीवर पाणी फवारलं. चार महिने झाले तरी पानं चार बोटांचीच. मुळं फुटत होती, पण काठीला टेकून वळून परत कुंडीत उतरायची. शेवटी एप्रिलात एक दुपारी मी काठी सोडवून काढली. सकाळी आठला भिजवलेला काथ्या दहाला खडखडीत. आमच्या सांगलीचं ऊन चाळिशीला टेकलेलं, त्यात गच्चीकडून गरम वारा. काथ्या पाणी फार वेळ धरत नाही, लगेच सुकतो. आत तर पोकळ पाईप. मूळ रुतणार कशात?

ही तक्रार मालकाला सांगितली. तो म्हणाला खरं मॉस, स्फॅग्नम, पाकिटात येतं, महाग पडतं, आणि गिऱ्हाईक तीन फुटी काठीला पाचशे देत नाही. हेही खरंच.

मग मी घरचा उपाय केला. यार्डातून फाटकं बारदान आणलं. हळदीच्या पोत्याचं, अजून पिवळं होतं. दोनदा धुतलं तरी पाणी पिवळंच निघालं. पाईपवरचा काथ्या ठेवला आणि त्यावर बारदानाचे तीन वेढे, सुतळीनं गच्च. पाईपच्या वरच्या तोंडात पाण्याची बाटली उलटी खोचली, झाकणाला दाभणानं एक भोक, आणि पाईपलाच वीतभर अंतरावर तापल्या खिळ्यानं चार भोकं. पाणी थेंबथेंब आतून पाझरतं, ताग ते धरून ठेवतो. दुसऱ्या दिवशी दुपारी हात लावला तर गार.

पंधरा दिवसांनी पहिलं मूळ बारदानात घुसलं. ते मी भिंगातून बघितलं. टोक आधी पांढरं, ओलसर, त्यावर बारीक लव. ती लव तागाच्या उभ्या-आडव्या धाग्यांत गेली आणि मग मूळ चपटं झालं, धाग्याला लेपल्यासारखं. ओढून बघितलं, निघालं नाही. त्यानंतरचं पान एक बोट मोठं आलं. त्याच्या पुढचं आणखी. आज दहावा महिना आहे. सगळ्यात वरचं पान दीड वीत आहे, कडेला एकच चीर पडली आहे. सौभाग्यवती म्हणाल्या फाटलं वाटतं, मी म्हटलं पेढे आणा.

बारदान वर्षभरात कुजतं हे आधीच सांगतो. मग वरून दुसरा वेढा द्यायचा, आतला सोडवायला जाऊ नका, मुळं तुटतात.

सूनबाईंचा रॅफिडोफोरा कसा आहे, हे सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणाल म्हातारा आपलंच कौतुक करतोय. वाढीला तो मनीप्लांटच्या पुढं आहे. पावसाळ्यात आठवड्याला पान म्हणाना. एप्रिल-मेमध्ये मात्र पानांच्या कडा करपल्या, तपकिरी, पापडासारख्या. त्याला हवेत ओल लागते आणि आमच्याकडं उन्हाळ्यात ती नसते. बेसिनशेजारी हलवल्यावर सावरला. पहिल्या सहा महिन्यांत पानं सलग, न कापलेली यायची तेव्हा सूनबाई म्हणायच्या, बाबा, फसवलं त्यानं. नाही फसवलं. काठी दिल्यावर चौथ्या पानाला काप आले. चारशे रुपयांना ठीक. साडेचारशेला नको. आणि कोणी ‘मॉन्स्टेरा’ म्हणून हजार सांगितले तर पाठ फिरवा.

छाटणी करताना हातमोजे घाला. सूनबाईंनी पहिल्यांदा उघड्या हातानं कापलं आणि रात्रभर मनगट खाजत होतं. आमच्या हिनं, सौभाग्यवतींनी, चिंचेचं पाणी चोळलं. “अळवाच्या घरातलं ना ते, मग अळवाचाच इलाज,” असा तिचा हिशेब. बरं चिंचेनं वाटलं की वेळेनं, देवाला ठाऊक, पण घराण्याबद्दल ती चुकली नाही. अळू नीट न शिजता घशात खवखवतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या कणांमुळे, आणि तेच कण ह्या वेलींच्या चिकात आहेत. सुरणातही तेच. लहान मूल किंवा मांजर घरात असेल तर कुंडी उंचावर. रॅफिडोफोरा ह्या नावातसुद्धा सुई आहे, ग्रीकमध्ये राफिस म्हणजे सुई. पण भाच्यानं लगेच दुरुस्ती केली, की ती सुई ह्या कणांची नव्हे, पानाच्या आतल्या सुईसारख्या केसांची. मास्तर लोकांसमोर विनोद करायची सोय नाही.

त्यानंच सांगितलेली एक गोष्ट मात्र मी अजून दहा जणांना सांगितली. मॉन्स्टेराच्या एका जातीचं बी जंगलात जमिनीवर रुजतं तेव्हा त्याचा कोंब उजेडाकडं जात नाही, अंधाराकडं जातो. 1975 मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी हे दाखवून दिलं. कारण जंगलात सगळ्यात गडद जागा म्हणजे मोठ्या झाडाचं खोड. ते सापडलं, की मग वळून वर, उजेडाकडं. हे ऐकून मला हरिपूरची पेवं आठवली. हळद जमिनीखाली अंधारात साठवायची, भाव आला की वर काढायची. संबंध काही नाही, आठवलं एवढंच.

नर्सरीबद्दल राहिलेल्या दोन तक्रारी. मनीप्लांटची साठ रुपयांची कुंडी भरगच्च दिसते ती एक झाड म्हणून नव्हे, चार-पाच फांद्या एकत्र खोचलेल्या असतात. एका काठीवर सगळ्या चढवू नका, एकच ठेवा, बाकीच्या शेजाऱ्यांना वाटा. (त्या वाटल्या की चोरीचा प्रश्नही मिटतो.) दुसरं, पानांवर तेलकट चमक मारलेली होती. घरी आणून ओल्या फडक्यानं पुसायला अर्धा तास गेला. आणि कोकोपीटमध्ये आलेलं झाड लगेच निव्वळ काळ्या मातीत लावू नका. आमच्या नदीकाठची माती पाणी धरून बसते, मुळं कुजतात. पहिली कुंडी माझी तशीच गेली, त्याला मालक जबाबदार नाही. आता निम्मं कोकोपीट, बाकी शेणखत, वाळू आणि विटांचा चुरा.

सकाळी कधी पानाच्या टोकाला पाण्याचा एक थेंब लोंबताना दिसेल. हिला वाटलं रोग पडला. रोग नाही, रात्री पाणी जास्त झालं, झाडानं उलट नोंद केली.

गेल्या आठवड्यात दुसरी काठी घ्यायला गेलो. मोबाईलवर मालकाला बारदानाचा फोटो दाखवला, त्यानं बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला. मग मी एकशे ऐंशी काढून धरले, तर त्यानं काठ्यांच्या गठ्ठ्यामागून नुसता पाईप ओढून काढला.

“काठी नको काका. हा चाळीसला न्या. बारदान तुमच्याकडं हायच.”